चष्म्याच्या घरातले प्लग

"आता शिट्टी वाजवायची का?" बुडू नये म्हणून घातलेल्या जाकिटाची शिट्टी हातात घेत शंकासुराने विचारलं.

"आधी बुडायला तर लागू दे," ताई म्हणाली.

होडी नदीच्या मधोमध उभी होती आणि तिचं इंजिन मुकाट झालं होतं. मामीने दोरी ओढली. इंजिन खोकलं, फुरफुरलं, मागून काळ्या धुराचा एक गोळा टाकून पुन्हा गप्प बसलं.

ताई आणि शंकासुर ही बहीणभावंडं सुट्टीसाठी कालच मामाच्या घरी आली होती. ताई तेरा वर्षांची आणि तिच्या मते निदान वीस वर्षांइतकी समजूतदार. शंकासुर अकराचा, चष्मेवाला. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतंच उरलं होतं, कारण जागेपणी तो प्रश्नाशिवाय दुसरं काही बोलत नसे. तिसरी भिंगरी, मामाची मुलगी, दहा वर्षांची, एका जागी कधीच न बसणारी. ही होडी तिच्या घरची. या काठावरून त्या काठावर माणसं नेणं-आणणं हा त्यांचा पिढीजात धंदा. होडी निळ्या रंगाची, म्हणून तिचं नाव निळी. आधी आजोबा ती चालवत, मग मामा. मामा गेल्यापासून मामी चालवायची.

"वल्ही घ्या रे," मामी घाम पुसत म्हणाली. "आज हातानेच जायचं."

उतारू तसे दोघंच होते. एक गवंडी, तो लगेच वल्ह्याला बसला. दुसरी पलीकडच्या दवाखान्यातली नर्स. तिने पिशवीतून विणकाम काढलं. तिला ना राग, ना घाई.

"तुम्हांला उशीर होत नाही का?" शंकासुराने विचारलं.

"मी घरूनच लवकर निघते," नर्स सुया चालवत म्हणाली. "काल बुधवार, बाजाराचा दिवस. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी निळी अशीच रुसते. मागचा स्वेटर अर्धा इथेच झाला."

मामी पाण्याकडे बघत वल्हं मारत राहिली, आणि तिचा चेहरा बघून ताईने शंकासुराच्या पुढच्या तीन प्रश्नांना कोपराने गप्प केलं.

दुपारी जेवताना मामीने सांगून टाकलं.

"येत्या बुधवारी एक दलाल येणार आहे. निळी बघायला. पसंत पडली तर देऊन टाकू."

भिंगरीचा हात ताटातच थांबला. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा नाही म्हणतील, ठाम नाही म्हणतील, अशी तिला खात्री होती.

"सूनबाई म्हणते ते बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "इंजिन थकलं आता." आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो बराच वेळ तोंडाशी धरून ठेवला. त्यातलं पाणी काही कमी झालं नाही.

भिंगरी ताटावरून उठली.

काठावर एक जुनी फुटकी होडी पालथी घातलेली होती. तिच्याखाली तिघं मावतील एवढी जागा होती. भिंगरी रडायची ती तिथेच. ताई आणि शंकासुर आत सरकले तेव्हा तिचं रडून संपत आलं होतं.

"निळीच्या मागच्या फळीखाली माझा पंजा आहे," ती नाक ओढत म्हणाली. "रंग दिला तेव्हा बाबांनी माझा हात पांढऱ्या रंगात बुडवला होता. मी इतकीशी होते. म्हणाले, आता ही होडी तुझ्या सहीची झाली. माझ्या सहीची होडी आई मला न विचारता कशी विकते?"

शंकासुराने वाळूत बोट खुपसलं.

"इंजिन खरंच थकलंय का?" मग तो म्हणाला. "की कुणी मुद्दाम बिघडवतंय?"

"कोण बिघडवणार?"

"दलाल. होडी स्वस्तात मिळावी म्हणून."

ताईने भुवया उंचावल्या. पण भिंगरी एकदम ताठ बसली. रडण्यापेक्षा शोध लावणं कधीही बरं.

त्या संध्याकाळी आजोबा इंजिनापाशी गेले तशी तिघंही त्यांच्यामागे गेली. या घराचा एक नियम होता. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी इंजिन मामी बघायची आणि बाकीच्या दिवशी आजोबा. ज्याची पाळी त्याचाच पाना. दुसऱ्याच्या पाळीला कुणी इंजिनाचं झाकणसुद्धा उचलत नसे. बघायला आलो तर समोरच्याला वाटेल आपलं काम तपासतायत, म्हणून.

आजोबांनी इंजिनाच्या डोक्यावरच्या दोन रबरी टोप्या काढल्या, लांब पाना लावला आणि एकेक प्लग फिरवून बाहेर काढला. बोटाएवढी वस्तू. वरचा भाग पांढऱ्या चिनी मातीचा, खाली लोखंडाचे आटे आणि अगदी टोकाला वाकलेली एक छोटी पट्टी.

"हा स्पार्क प्लग. या पट्टीच्या आणि मधल्या काडीच्या फटीत ठिणगी उडते. पेट्रोल पेटतं, इंजिन फिरतं. दर फेऱ्याला एक ठिणगी."

"फट किती असावी लागते?" अर्थात शंकासुर.

आजोबांनी खिशातून पोलादी पात्यांचा एक जुडगा काढला. एक पातळ पातं फटीत सारलं. "इतकी. हे पातं किंचित अडखळत जायला हवं. सैल गेलं तर फट जास्त, ठिणगीला उडी जमत नाही. गेलंच नाही तर फट कमी, ठिणगी अगदीच मरतुकडी." मग त्यांनी प्लगचं टोक मुलांसमोर धरलं. "आणि हे टोक म्हणजे इंजिनाची जीभ. डॉक्टर जीभ बघतो ना, तशी बघायची. भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर प्रकृती उत्तम. पांढरं पडलं असेल तर इंजिनाला ताप. आणि हे?"

दोन्ही प्लग कोळशासारखे काळे आणि तेलकट होते.

"काजळी," भिंगरी म्हणाली.

"काजळी. काजळीवरून वीज पळून जाते, ठिणगी पडतच नाही." आजोबांनी सुस्कारा सोडला. "चला, आता पळा. मी साफ करून बसवतो."

पण प्लग बघण्याच्या निमित्ताने ताईने आपलं काम केलं होतं. तिच्याकडे गुलाबी नेलपॉलिशची बाटली होती. शाळेत चालत नसल्यामुळे ती सुट्टीची वाट बघत होती. दोन्ही प्लगांच्या चिनी मातीवर तिने एकेक ठिपका दिला होता. दलालाने किंवा आणखी कुणी प्लग बदलले तर लगेच कळणार.

सकाळी मामी यायच्या आत तिघांनी रबरी टोप्या उचलून पाहिल्या.

ठिपके नव्हते. प्लग दुसरेच होते.

"पण आमची खोली समोरच आहे," भिंगरी हळूच म्हणाली. "आजोबांनंतर इकडे कुणीच आलं नाही." आणि मग, आपण काय बोललो ते लक्षात येऊन, "आजोबा असं करणारच नाहीत."

"विचारूया की," ताई म्हणाली.

आजोबा अंगणात दाढी करत होते. भिंगरीने सरळ विचारलं. आजोबांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच राहिला.

"मीच बदलले," ते म्हणाले. "या इकडे. हळू बोला."

त्यांनी आपल्या कापडी पिशवीतून चष्म्याचं एक जुनं, पत्र्याचं घर काढलं. ते रिकामं होतं.

"माझे प्लग यात असतात. आता ते इंजिनात आहेत. प्लगाच्या दोन जाती असतात. एक गरम, एक थंड. गरम जातीच्या टोकाची चिनी माती लांब असते, ती उष्णता धरून ठेवते आणि काजळी जाळून टाकते. थंड जातीची आखूड, ती उष्णता झटकून टाकते. बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे, आटेही सारखेच, म्हणून कुठलाही बसतो. दुकानदार तर म्हणतो, बसला की झालं. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. सूनबाई थंड घालते. आपली होडी रमतगमत जाणारी, तिला गरमच हवेत. पोर नवखी आहे, चुकते."

"मग तिला सांगत का नाही?"

आजोबा साबणाच्या बुडबुड्यांकडे बघत राहिले. "तिने नवरा गेल्यावर आठ दिवसांत वल्हं हातात घेतलं रे. रडायलाही थांबली नाही. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुझं चुकतंय? मी आपला तिचे प्लग लख्ख साफ करतो आणि तिच्या शिवणाच्या डब्यात, रिळांखाली परत ठेवतो. तिची वस्तू तिच्या जागी."

"आणि होडी विकायची?" भिंगरीचा आवाज चिरकला.

"ती दमलीय गं. मीच हट्ट धरला तर ती कधीच नाही म्हणणार नाही. म्हणून मी हो म्हणालो." त्यांनी तिघांकडे बघितलं. "यातलं तिला काही सांगायचं नाही. वचन द्या."

तिघांनी वचन दिलं. अर्धी दाढी झालेल्या माणसाला नाही म्हणणं फार कठीण असतं.

शुक्रवारी निळी झकास चालली. शनिवारीही. नर्सबाईंचं विणकाम पिशवीतून बाहेरच आलं नाही. मग रविवार उजाडला, आठवड्यातला दुसरा बाजाराचा दिवस. होडीत पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्या, पोती, कोंबड्यांचे खुराडे, आणि प्रत्येकाला पहिली फेरी हवी. बाजाराच्या दिवशी आजोबा घरीच थांबत, तेवढीच एका उतारूची जागा. मुलं मात्र दोन पोत्यांच्या फटीत मावली. मामीने इंजिन पूर्ण वेगाने सोडलं, आणि पलीकडचा काठ जवळ येता येता आतून आवाज सुरू झाला. टक, टक, टक. कुणी डब्यात खडे हलवावेत तसा. मामीने ओठ आवळून वेग कमी केला आणि दिवसभर कशाबशा फेऱ्या मारल्या.

संध्याकाळी पाळी मामीची. भिंगरी तिला कंदील धरायला गेली. मामीने प्लग काढले, हातमोजा असूनही तिला चटका बसला. टोकं पांढरीफटक होती, त्यांवर बारीक फोड आले होते. मामीने शिवणाचा डबा उघडला, रिळं बाजूला केली आणि खालून कापडात गुंडाळलेले दोन प्लग काढले. त्यांवर एकेक गुलाबी ठिपका होता.

"आई," भिंगरी म्हणाली, "हे काय?"

मामी दचकली. मग तिने मुलीला जवळ ओढलं.

"आजोबांना यातलं सांगू नकोस. त्यांच्या लक्षात राहत नाही आता. ते गरम जातीचे प्लग घालून ठेवतात, मग इंजिन असं भाजून निघतं. त्याचाच परिणाम म्हणून दुसऱ्या दिवशी बंद पडतं. हे थंड प्लग तुझ्या बाबांनी मला दाखवले होते. म्हणाले होते, निळीला हेच."

"मग आजोबांना सांग ना."

"कसं सांगू? त्यांचा मुलगा गेला, राजा. आता हातातलं एवढं एक काम उरलंय. तेही चुकतंय म्हणून सांगू?" मामी पांढरे प्लग पितळी ब्रशने घासायला लागली होती, अगदी हळुवार, जणू त्यांना लागेल. "मी त्यांचे साफ करून त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवते. त्यांना कळतही नाही. पण उतारूंचा जीव असा टांगणीला लावून किती दिवस चालवायचं? होडीच नसली तर त्यांना कुणी चुकलात म्हणणार नाही." मग तिने नाक पुसलं. तिच्या नाकावर काजळीचा पट्टा उमटला. "वचन दे, त्यांना बोलणार नाहीस."

भिंगरीने वचन दिलं. तिच्या घरात वचनांची गर्दी व्हायला लागली होती.

ती पालथ्या होडीखाली आली आणि सगळं सांगताना हसावं की रडावं हे तिला ठरवता येईना.

"म्हणजे दोघांनाही माहीत आहे," ताई म्हणाली. "आणि दोघंही एकमेकांना सांभाळून घेतायत."

"सांभाळून घेता घेता माझी होडी विकतायत!"

"पण बरोबर कोण?" शंकासुर म्हणाला. तो वाळूत काटकीने रेघा ओढत होता. "बुधवारी मामी थंड प्लग घालते. गुरुवारी होडी बंद पडते. गुरुवारी संध्याकाळी आजोबा गरम घालतात. शुक्रवार, शनिवार छान. रविवारी टक टक. नर्सबाई बरोबर सांगत होत्या, फक्त अर्धंच. होडी बाजाराच्या दिवशी बिघडते आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी." काटकी थांबली. "भिंगरे, मामा होता तेव्हा रोज किती माणसं असायची?"

"रोज भरलेली. तेव्हा नवा पूल नव्हता ना. आता बाजार सोडला तर कोण येतं? आणि पाणी उतरलंय, मधे वाळूचा पट्टा आहे. त्यावरून हळूच न्यावी लागते."

"मग दोघंही बरोबर आहेत," शंकासुर म्हणाला. प्रश्न नसलेलं वाक्य त्याच्या तोंडून आल्यामुळे दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "भरलेली होडी जोरात पळते, इंजिन तापतं, तेव्हा थंड प्लग हवेत. रिकामी हळू जाते, काजळी धरते, तेव्हा गरम हवेत. पण दोघंही चुकीच्या संध्याकाळी बदलतायत. आजच्या दुखण्याचं औषध उद्याला देतायत."

"पण आजोबा तर म्हणतात प्लग बघितला की कळतं," भिंगरी म्हणाली.

"त्यांनी स्वतःचे पांढरे पडलेले प्लग कधी बघितलेत? मामी आधीच साफ करून ठेवते. आणि मामीने स्वतःचे काळे बघितलेत? ते आजोबा साफ करतात."

इतक्या प्रेमाने इतका घोळ घातलेला तिघांनी याआधी पाहिला नव्हता.

"पण सांगणार कसं?" भिंगरी म्हणाली. "दोन्हीकडे वचन दिलंय."

ताईने नखावरचा गुलाबी रंग निरखला. "सांगायचं नाही असं वचन दिलंय. एखादी वस्तू एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ठेवायची नाही, असं कुठे दिलंय?"

सोमवारी निळी अपेक्षेप्रमाणे बंद पडली. नर्सबाईंच्या स्वेटरची बाही पूर्ण झाली. संध्याकाळी आजोबांनी अपेक्षेप्रमाणे गरम प्लग घातले आणि थंड प्लग लख्ख करून शिवणाच्या डब्यात नेऊन ठेवले. मंगळवारी संध्याकाळी ते दोन प्लग शिवणाच्या डब्यातून निघाले आणि आजोबांच्या पिशवीतल्या चष्म्याच्या घरात जाऊन बसले. डबा रोज होडीत असायचाच, आणि उद्या आजोबाही येणार होते. उतारूंची वाट बघता बघता मामी काठावर कपडे शिवायची, आणि आजोबांची पिशवी तर त्यांच्याआधी होडीत चढायची. नांगराचा दोर, दोन्ही वल्ही आणि सगळी जाकिटं ताईने स्वतः तपासली. समजूतदार होती ना.

बुधवारी दलाल आला. पांढरे बूट, पांढरी पँट, हातात छत्री. तो उतारूंसाठी ठेवलेल्या जाकिटांच्या ढिगावरच बसला.

"ती बसायला नाहीत," ताई म्हणाली. "घालायला आहेत."

"मला पोहता येतं," दलाल म्हणाला.

"पांढऱ्या बुटांसकट?" शंकासुराने विचारलं. दलालाने जाकीट घातलं.

दलाल येणार म्हणून आज आजोबाही होडीत होते, पुढच्या फळीवर, पिशवी पायाशी घेऊन. होडी बाजारकरूंनी गच्च भरली होती.

"जरा पळवा की," पाण्याच्या मध्यावर दलाल म्हणाला. "घोडा घ्यायचा तर दौडवून बघायला नको?"

मामीने इंजिन सोडलं. निळीने नाक वर उचललं. आणि टक, टक, टक.

आजोबांनी मान वर केली. हा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते.

टकटक वाढली, जोर ओसरला. आणखी रेटलं तर आतला पिस्टनच जळेल हे मामीला माहीत होतं. तिने इंजिन बंद केलं. त्याबरोबर प्रवाहाने होडीचं तोंड फिरवलं आणि ती पुलाच्या खांबांकडे वाहायला लागली.

"नांगर!" मामी ओरडली. तोवर ताईने तो टाकलाही होता. दोर ताणला, होडी हिसका देऊन थांबली, मग वाळूत नांगर घसरला आणि पुन्हा थोडी वाहिली. भरलेली होडी, दोन वल्ही काय पुरी पडणार? एका बाईने आपलं मूल पोटाशी धरलं.

"हे असलं इंजिन?" दलाल म्हणाला. त्याचा चेहराही आता बुटांना शोभणारा झाला होता.

मामीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पाण्याकडे. भिंगरीला दिसत होतं की आईला काय करायचंय आणि कशासाठी तिचा हात थांबलाय. नांगर पुन्हा घसरला. तसा मामीने शिवणाचा डबा ओढला, सगळ्यांसमोर उघडला आणि रिळं बाजूला केली.

खाली काहीच नव्हतं. तिने डबाच उपडा केला. बटणं होडीभर पळाली.

"आजोबा," भिंगरी म्हणाली. "तुमचं चष्म्याचं जुनं घर उघडा ना."

"ते रिकामं आहे गं."

"उघडा."

आजोबांनी उघडलं. आत मामीचे प्लग होते, दोघांच्या डोक्यावर एकेक गुलाबी ठिपका.

आजोबांनी ते प्लग हातात घेतले, उतारूंमधून वाट काढत मागे आले आणि मामीपुढे हात केला.

"सूनबाई, हे तुझे."

"मामंजी, तुमचे आत आहेत," मामी म्हणाली. "मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं."

"ते नंतर," ताई म्हणाली. "नांगर घसरतोय."

आजोबांनी हातमोजा चढवला आणि पाना लावला. पहिला प्लग बाहेर आला, पांढराफटक, फोडांनी भरलेला. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"अगं, हा तर भाजून निघालाय. हे मी कधी बघितलंच नाही."

"मी साफ करून ठेवायची," मामी म्हणाली.

"आणि तुझे काळे पडायचे. रविवारनंतर. बुधवारनंतर."

"काळे? माझे?"

"मी साफ करून ठेवायचो."

मामीने तोंडावर हात ठेवला. ती हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मग दोघांनी मिळून प्लग बसवले. तिने हाताने आटे जुळवले, त्यांनी पाना आवळला, एकाने दुसऱ्याला काही सांगावं लागलं नाही. टोप्या बसल्या. मामीने दोरी ओढली.

निळी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. टकटक नाही, खोकला नाही. ताई आणि उतारूंमधल्या गवंड्याने नांगर वर ओढला, पुलाचा खांब डाव्या हाताला राहिला आणि भरलेली होडी पूर्ण वेगाने पलीकडच्या काठाला लागली. उतारूंनी टाळ्या वाजवल्या. कोंबड्यांनीही जमेल तसा गोंधळ केला.

उतरताना दलाल इंजिनाभोवती घुटमळला. "चालतंय की हे. मग सौदा पक्का?"

"सूनबाईला विचारा," आजोबा म्हणाले.

"मामंजींना विचारा," मामी म्हणाली.

दलाल या दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला.

"मला विचारा," भिंगरी म्हणाली. "खाली माझी सही आहे." आणि तिने मागची फळी उचलून दाखवली. तिथे एक छोटासा पांढरा पंजा होता. दलालाने तो पाहिला, मामीचा चेहरा पाहिला, छत्री उचलली आणि पुलावरून घरी गेला.

संध्याकाळी अंगणात मुलांची चौकशी बसली. माझ्या शिवणाच्या डब्याला हात कुणी लावला, असं मामीने आधी दरडावून विचारलं. तिघांनी हात वर केले. मग तिने तिघांना एकदमच कुशीत घेतलं, त्यामुळे शंकासुराचा चष्मा वाकडा झाला.

"वचन मोडलं नाहीत," आजोबा म्हणाले, "खोटं बोलला नाहीत, आणि नांगर आधी तपासलात. मला माझ्या म्हातारपणी प्लगाची जीभ बघता येत होती, पण शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा बघता आला नाही. तुम्ही बघितलात." त्यांनी पोलादी पात्यांचा जुडगा भिंगरीच्या हातात ठेवला. "फट आता तू मोजायची."

भिंगरी त्या संध्याकाळी एका जागी बसली. घरात सगळ्यांना त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

इंजिनातले प्लगही काढून साफ केले होते, आणि दोन्ही जोड्या आता मामीच्या शिवणाच्या डब्यात, एकाच कापडात शेजारी शेजारी होत्या.

"पण आजोबा," शंकासुर म्हणाला, "गरम आणि थंड यांच्या मधल्या जातीचा प्लग नसतो का? तो घातला तर रोज चालेल ना?"

"असतो," आजोबा म्हणाले. "दुकानात मिळतो."

"मला माहीत आहे," मामी म्हणाली.

"मग तोच का नाही घेत? दर वेळी कशाला बदलायचं? दर वेळी एकमेकांना विचारावं लागेल, उद्या माणसं किती, उद्या कुठले—"

भिंगरीने त्याच्या पायावर पाय दिला.

मामी कपडे वाळत घालत होती. दोरीवरच्या चादरीमागून तिने हाक मारली.

"मामंजी, उद्या गुरुवार. तुमचे घालायचे ना?"

"हो. आणि शनिवारी रात्रीच तुझे डब्यातून काढून ठेव, मला आठवण कर."

"करते. चहा ठेवू?"

"ठेव की. आणि इकडेच आण, बोलत बसू."

शंकासुराने तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच एका प्रश्नाचं उत्तर त्याला न विचारता कळलं होतं. तो उठला आणि मामीला चादर धरू लागला.